खुर्ची धक्क्यावर, दादा बोटीत

वाचक भगिनी लिहितात, थोडक्यात असं: दादा ४३ वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी पाठीच्या कण्याला मार बसला, तेव्हापासून व्हीलचेअर. हात उत्तम चालतात, पण छातीखाली संवेदना नाही आणि पाठीला आधार नसला की तोल जातो. अपघाताआधी सुट्टी म्हणजे गरवायला, म्हणजे गळानं मासे पकडायला जाणं, हे ठरलेलं. त्यांच्या मित्राकडे साधारण ५ मीटर लांबीची, मागे इंजिन लावलेली उघडी फायबरची बोट आहे. वाढदिवसाला दादांना काहीही न सांगता थेट धक्क्यावर न्यायचं, असा घरात बेत शिजतो आहे. चौघं मिळून खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवतील, खुर्ची दोरांनी बोटीला बांधतील आणि दादांना पट्ट्यानं खुर्चीला, म्हणजे पडायची भीती नाही. लाइफ जॅकेट आहे, पण ते घालून खुर्चीत नीट बसता येत नाही, म्हणून ते हाताशी ठेवायचं. आई मात्र नकोच म्हणते. "एवढी काळजी घेतल्यावर धोका उरतो कुठे?"

धोका त्या पट्ट्यात आहे. बाकी बेत दुरुस्त करता येईल, पण ही एक गोष्ट आधी काढून टाका.

गाडीत खुर्ची बांधतात, माणसालाही पट्टा लावतात आणि ते योग्यच असतं. गाडीत भीती असते ती पुढे फेकलं जाण्याची. पाण्यात हिशेब उलटा होतो. उघडी छोटी बोट उलटते तेव्हा काही सेकंदांत उलटते. मग बोटीला बांधलेली खुर्ची आणि खुर्चीला बांधलेला माणूस दोघंही बोटीखाली, डोकं खाली, अशा अवस्थेत अडकतात. अंगाचा भार लटकला की बकल हातानं सोडणं अवघड होतं. स्वतः पाण्यात पडलेल्या कुणी बोटीखाली शिरून ते बकल चाचपडत शोधावं, यावर कुणाचा जीव टांगू नये.

बरं, खुर्ची बोटीला नाही बांधली, फक्त दादांना खुर्चीला बांधलं, तर? १५ किलोची पोलादी खुर्ची पाण्यात बुडाल्यावरही सुमारे १३ किलोनं खाली ओढते. १५० न्यूटनचं दणकट लाइफ जॅकेट वर ढकलतं सुमारे १५ किलोनं. उरले २ किलो. मोठ्या माणसाचं तोंड पाण्याबाहेर राहायला साधारण ४ ते ५ किलोचा उचल लागतो. म्हणजे जॅकेट घालूनही नाक पाण्याखालीच. तुमच्या बेतात तर जॅकेट हाताशी ठेवलेलं आहे, अंगावर नाही.

दुसरं एक गृहीतक पत्रात न लिहिता आलं आहे: दादा जातील तिथे खुर्ची जाणारच. जमिनीवर ते खरं असेल. ५ मीटरच्या बोटीत खुर्ची म्हणजे अडगळ, आणि वर उंची वाढवणारी. खुर्चीची बैठक जमिनीपासून सुमारे ५० सेंटिमीटरवर असते, बोटीतली फळी असते ३० च्या आसपास. ७० किलोचं अंग २० सेंटिमीटर वर चढवलं की छोटी बोट लगेच डुचमळायला लागते. शिवाय खुर्चीला चाकं आहेत. बोट एका अंगाला कलली की खुर्चीही त्याच अंगाला सरकू पाहणार, म्हणजे जिथे वजन नको तिथेच ते धावणार. ब्रेक लावलेत ना, असं म्हणाल. ब्रेक चाक फिरू देत नाही, इतकंच. ओल्या फायबरवर टायर ब्रेकसकट घसरतो. आणि हाताच्या दांडीचा ब्रेक टायरवर दाबून बसतो, त्यामुळे टायरमध्ये हवा कमी असेल तर तो कोरड्या जमिनीवरसुद्धा नीट धरत नाही. हे तर तुम्ही घरातही तपासून बघा.

तेव्हा या बोटीपुरतं सरळ आहे: खुर्ची धक्क्यावर राहील आणि दादा बोटीच्या बैठकीवर बसतील.

ती बैठक मात्र तयार करावी लागेल. नुसत्या फळीवर त्यांना बसवू नका. खांद्याच्या पात्यांपर्यंत पाठ टेकेल अशी, हात ठेवायला दोन्ही बाजूंना दांड्या असलेली सीट फळीला नटबोल्टनं पक्की बसवायची. जागा बोटीच्या मध्यरेषेवर, लांबीच्या मध्यापासून किंचित मागे. पुढच्या टोकाला लाटेचा धक्का सर्वांत जास्त बसतो, म्हणून तिथे नाही. कमरेच्या दोन्ही बाजूंना घट्ट फोमचे ठोकळे लावले की कुशीवर कलणं बरंच थांबतं. पाय मोकळे लोंबू देऊ नका. तळवे सपाट टेकतील अशी जागा करा, गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला एकेक मऊ गुंडाळी ठेवा, नाहीतर बोट हलली की पाय उघडतात आणि धड त्यांच्यामागे जातं. एवढं करूनही छातीला आधार लागतोच आहे असं दिसलं, तर रुंद वेल्क्रोची पट्टी चालेल, पण अटी कडक आहेत: टोक दादांच्या स्वतःच्या हातात, एका ओढीत सुटणारी, जॅकेटमधल्या फुगणाऱ्या भागावरून न जाणारी, आणि डोळे मिटून पाच वेळा सोडून दाखवलेली. बकल नाही, गाठ नाही.

आता तुमच्या गुपिताबद्दल. दादांना न सांगता नेण्यात प्रेम आहे, पण बेत त्यामुळेच फसेल. त्यांना खुर्चीतून पलंगावर, गाडीत, कमोडवर जाण्याची रोजची पद्धत आहे. कुठल्या बाजूनं सोपं जातं, पायांना झटके कधी येतात, किती वेळानं बूड उचलावं लागतं, हे त्यांना ठाऊक आहे आणि तुम्हा चौघा उचलणाऱ्यांना नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पाण्यावरचं ज्ञानही घरात त्यांच्याकडेच सर्वांत जास्त आहे. वारा कुठून येतोय, मासा कुठे लागेल, परत कधी फिरायचं, हे ठरवणारा माणूस बोटीत बसलेला असताना त्याला सामानासारखं उचलून ठेवायचं? कदाचित त्यांना जायचंच नसेल. कदाचित जायचं असेल, पण पहिल्या दिवशी दहा नातेवाईक धक्क्यावर फोटो काढताना नको असतील. विचारा. वाढदिवसाचा आनंद आधी कळल्यानं कमी होत नाही.

ते हो म्हणाले की पहिली खरेदी लाइफ जॅकेटची, आणि ते घालून बसता येत नाही ही तक्रार सोडवायची. साध्या जॅकेटची पाठ जाड फोमची असते, त्यामुळे पाठीला आधार असलेल्या माणसाला ते पुढे ढकलतं. ज्याचा तोल आधीच कच्चा आहे, तो मग खरंच पुढे कलंडतो. उपाय जॅकेट काढणं नव्हे, पाठीकडे पातळ किंवा जाळीदार आणि छातीकडे व मानेमागे फोम असलेलं जॅकेट घेणं. ५० न्यूटनचं घेऊ नका. ते पोहता येणाऱ्या, स्वतःला सावरणाऱ्या माणसासाठी असतं, तोंड वर वळवणं त्याचं काम नाही. आडोशाच्या शांत पाण्यात किमान १००, उघड्या पाण्यात १५०. हवेनं फुगणारं जॅकेट आटोपशीर असतं, पण आपोआप फुगणारंच घ्या. बोट उलटताना जॅकेट फुगवायची दोरी सापडेलच असं नाही. त्यातला गॅसचा नळकांडा हातानं घट्ट पिळून बसलाय ना, हे दर वेळी पाहायचं. जांघेतून जाणारे पट्टे कुठल्याही जॅकेटला हवेतच. ते नसले तर पाण्यात जॅकेट कानांपर्यंत वर सरकतं आणि माणूस त्याच्या खाली लोंबतो.

हे सगळं करूनही जॅकेट पाठीवर वळवेलच असं धरून चालू नका. वापर नसल्यानं पायांचे स्नायू झिजतात, पाय हलके होऊन तरंगायला लागतात, आणि अंगाची ठेवण बदलते. तोंड वर ठेवणारं जॅकेट मग पालथंही ठेवू शकतं. म्हणून बोटीआधी पोहण्याचा तलाव. छातीभर पाणी, दोघं जण दोन बाजूंना, अंगावर त्या दिवशी घालायचेच कपडे आणि बूट. आधी उताणं सोडून पाहा, मग दादा तयार असतील तर एका कुशीवरून, आणि शेवटी पालथं. ते स्वतःच्या हातांनी वळू शकतात का, किती सेकंदांत? त्यांचे हात चांगले आहेत, बहुधा जमेल, पण हे धक्क्यावर अंदाजानं नव्हे, तलावात बघून कळायला हवं. पाच सेकंदांत तोंड वर येत नसेल तर ते जॅकेट परत करा.

सगळे लाटांना घाबरतात. प्रत्यक्षात या फेरीतली सर्वांत वाईट जागा म्हणजे धक्का आणि बोट यांच्यामधली ती फूटभर फट. चौघांनी खुर्चीसकट माणूस उचलून ती ओलांडायची, तर एकूण ८५ ते ९० किलो दोन हलत्या पृष्ठभागांच्या मध्ये अधांतरी. बोटीवर पहिला जो पाय ठेवेल त्याच्या बाजूला बोट झुकणार, फट रुंदावणार, आणि उरलेले तिघं भार सोडू शकणार नाहीत. हे करू नका.

तरंगता धक्का मिळाला तर अर्धं काम झालं, कारण तो पाण्याबरोबर वर-खाली होतो. स्थिर धक्का असेल आणि पाणी भरती-ओहोटीचं असेल, तर वेळेचं गणित मांडायला हवं, आणि ते जाण्याचं नाही, परतीचं. ओहोटीत पाणी एकसारखं उतरत नाही. पूर्ण भरतीनंतरच्या पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा तीन, मग दोन, मग एक, असा ढोबळ नियम आहे. भरती-ओहोटीचा फरक ३ मीटर असेल तर पहिल्या तासात पाणी २५ सेंटिमीटर उतरतं, आणि तिसऱ्या एकट्या तासात ७५. म्हणून भरतीच्या एक तास आधी निघायचं आणि भरतीनंतर एका तासाच्या आत परत लागायचं. मासे चांगले लागतायत म्हणून दोन तास जास्त थांबलात, तर धक्का डोक्यावर जाऊन बसलेला असेल आणि थकलेल्या दादांना भिंत चढवायची वेळ येईल. तलाव किंवा धरणाचं पाणी असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा.

बोट धक्क्याला एका दोरानं बांधू नका. पुढून एक, मागून एक, आणि दोन तिरपे: पुढच्या टोकापासून मागच्या दिशेला आणि मागच्या टोकापासून पुढच्या दिशेला. हे तिरपे दोर बोट पुढे-मागे सरकू देत नाहीत, आणि माणूस फळीवर टेकत असताना तेच सरकणं घातक असतं. मध्ये रबरी फुगे किंवा जुने टायर. इंजिन बंद. एक जण बोटीत आधीच, धक्क्यापासून लांबच्या बाजूला बसलेला, म्हणजे भार आला की बोट धक्क्याच्या बाजूला झुकणार नाही. दुसरा बोटीत बैठकीजवळ. धक्क्यावर दोघं. प्रत्येकाच्या पायात न घसरणारे बूट, चपला नाहीत. चौघांच्याही आणि दादांच्या अंगावर जॅकेट, अर्थात खुर्चीतून उठायच्या आधीपासून.

उतरणं दोन टप्प्यांत करा, कारण खुर्चीच्या बैठकीपासून बोटीतल्या सीटपर्यंत ७० सेंटिमीटरचा उतार सहज असू शकतो, आणि तेवढं एका दमात उतरवताना माणूस हातातून सुटतो. पहिला टप्पा खुर्चीतून धक्क्याच्या कडेला. खुर्ची कडेला तिरपी, कडेपासून हातभर आत, आधी किंचित मागे ओढून थांबवलेली. मागे ओढल्यावर पुढची छोटी चाकं पुढच्या बाजूला वळतात आणि खुर्ची पुढे उलटायची शक्यता कमी होते. ब्रेक लावा, चाकांमागे पाचरी ठोका, हाताची दांडी काढा. खाली जाड गादी, त्यावर दादांचं रोजचं कुशन. त्यावर ते बसले की पाय बोटीत. एक माणूस फक्त पाय सांभाळेल, टाच धरून. पाय बोटीच्या कडेखाली अडकला, नडगी सोलली, तरी दादांना कळणार नाही. दुसरा टप्पा कडेवरून सीटवर: हातात धरायच्या कड्या असलेला उचलण्याचा कापडी झोळा मांड्यांखाली आणि पाठीमागे घ्या, मोजणी एकानंच करायची, आणि ती दादांनी केली तर सगळ्यांत चांगलं. काखेत हात घालून उचलू नका, पँटचा कमरपट्टा धरू नका, जॅकेटचे खांदे धरू नका. झोळा सीटवर त्यांच्याखालीच राहू दे, परतताना लागेल, पण त्याला सुरकुती नको. का, ते पुढे येतं.

परत चढणं हे उतरण्याच्या दुप्पट जड. मध्ये २० ते २५ सेंटिमीटर उंचीचा पक्का, न हलणारा लाकडी ठोकळा ठेवून एक पायरी जास्त करा. ही सगळी कवायत पाण्यात नेण्याआधी घरच्या ओट्यावर किंवा जिन्यावर करून बघा, निदान तीनदा. ज्या दिवशी घरी ती न थांबता, न ओरडता होईल, त्या दिवशी धक्क्यावर जायला हरकत नाही.

यापेक्षा सोपा एक रस्ता आहे. सपाट डेकची, दोन-तीन लांब तरंगत्या नळकांड्यांवर उभी असलेली पॉन्टून बोट भाड्यानं मिळत असेल, तर खुर्चीच आत ढकलत नेता येते आणि वरची निम्मी कसरत वाचते. तिथे रॅम्प लागेल. धक्का आणि डेक यांत १५ सेंटिमीटरचा फरक असेल तर १ ला १२ या उतारानं १.८ मीटर लांब फळी हवी. मागेपुढे दोन मजबूत माणसं असतील तर १ ला ८, म्हणजे १.२ मीटरनं भागतं. रुंदी ८० सेंटिमीटर, दोन्ही कडांना ५ सेंटिमीटरची पट्टी, एक टोक बोटीला अडकवलेलं, दुसरं धक्क्यावर मोकळं सरकणारं. दोन्ही टोकं बांधलीत तर बोट हलताच फळी निसटते. अशा बोटीत खुर्ची डेकला चार पट्ट्यांनी, साधारण ४५ अंशांत बांधायची, आणि पट्टे खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला लावायचे. चाकाला, हाताच्या दांडीला किंवा पाय ठेवायच्या भागाला नाही, कारण ते भाग निघून येतात. दादा मात्र तिथेही खुर्चीला बांधलेले नसणार, आणि जॅकेट अंगावर. रेलिंगखाली फट असेल तर डेकच्या कडेला फळी आडवी ठोका, छोटी चाकं नेमकी तिथून बाहेर जातात. विजेवर चालणारी खुर्ची असेल तर शक्यतो नेऊच नका, तिचं वजन १०० किलोच्या वर असू शकतं. न्यावीच लागली तर चाकं मोकळी करायची कळ नक्की बंद आहे ना पाहा. ती चालू राहिली की मोटरचा ब्रेक लागतच नाही. चालवायची स्विचकांडी प्लास्टिकच्या पिशवीत.

मला विचाराल तर पहिल्यांदा बोटच नको. पहिला दिवस धक्क्यावरून गरवायचा, खुर्चीत बसून, चाकांपुढे आडवी फळी ठोकून. रॉड कसा धरता येतो, तासाभरात अंग किती थकतं, हे तिथे कळतं. दुसरा दिवस बोटीत, पण बोट धक्क्याला बांधलेलीच. तिसऱ्या दिवशी सुटायचं, फक्त तासभर, धक्का डोळ्यांसमोर ठेवून.

रॉड उभ्यानं वापरत होते तोच ठेवला तर बसल्या जागी तो बोटीच्या कडेला आपटत राहील. १.८ ते २.१ मीटरचा पुरे. खरा प्रश्न मासा लागल्यावरचा. उभा माणूस माशाची ओढ पायांनी पेलतो. दादांच्या अंगात ती ओढ खांद्यावरून थेट कमरेला जाईल, आणि कमर धरत नाही. म्हणून रिळाचा ब्रेक सैल ठेवा: ६ किलोची ओढ सोसणारा तंगूस (गळाचा नायलॉनचा दोर) असेल तर दीड ते दोन किलोच्या ओढीला दोर सुटायला हवा. तराजूचा काटा अडकवून घरी मोजून घ्या. रॉड होल्डर बोटीला पक्का हवा, सीटला किंवा अंगाला नाही. रॉडला दोर बांधायचा तोही बोटीलाच, मनगटाला कधीच नाही. गरीची, म्हणजे गळाच्या आकड्याची, काटेरी उलटी टोकं पक्कडनं दाबून सपाट करा. पायात रुतलेली गरी दादांना जाणवणार नाही, म्हणून बंद बूट हवेतच, आणि बोटीच्या तळाशी सुटी गरी पडलेली चालणार नाही. कुशन हवेचं असेल तर ते त्याच गरीनं फुटेल, त्या दिवसापुरतं फोमचं किंवा जेलचं न्या. मासा बोटीजवळ आला की जाळी दुसऱ्यानं धरायची. दादा वाकणार नाहीत. हे त्यांना सर्वांत जड जाईल, कारण शेवटच्या क्षणी वाकणं हाताला सवयीचं असतं.

आता शरीराचं. छातीखाली संवेदना नाही म्हणता, म्हणजे दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या आसपासची असू शकते. डॉक्टरांच्या कागदावर टी-६ किंवा त्याच्या वरची पातळी लिहिली असेल, तर एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायलाच हवी. लघवीची पिशवी तुंबली, नळी मुडपली, एखादा पट्टा फार आवळला गेला, की अशा शरीरात रक्तदाब एकदम भडकू शकतो. खुणा म्हणजे अचानक ठणकणारं डोकं, लाल चेहरा, दुखापतीच्या वरच्या भागात घाम. आणि जॅकेटचा जांघेतला पट्टा बरोबर त्या नळीवरून जातो. पट्टा बांधल्यावर नळी कुठून जाते ते हातानं चाचपून बघा, बोटीत चढण्याआधी पिशवी रिकामी करा. खुणा दिसल्या तर दादांना ताठ बसवा, आडवं करू नका, पाय खाली सोडा, सगळे पट्टे, कंबरपट्टा, बूट सैल करा, नळी सरळ करा आणि त्याच मिनिटाला किनारा गाठून वैद्यकीय मदत घ्या. हे थांबून बघण्यासारखं नाही. लघवी नको म्हणून पाणी कमी पिण्याची युक्ती मात्र मोडून काढा. अशा दुखापतीत खालच्या अंगाला घाम नीट येत नाही, त्यामुळे उन्हात अंग तापतं आणि उतरत नाही. छत्री किंवा ताडपत्रीची सावली, फवाऱ्यातून मानेवर-हातांवर पाणी, आणि घोट घोट पिणं. उन्हात तापलेला इंजिनाचा पत्रा किंवा लोखंडी कड मांडीला लागली तर भाजेल, दुखणार नाही.

एकाच जागी भार राहिला की कातडीला जखम होते, म्हणून बूडही दर १५ ते ३० मिनिटांनी उचलायचं, पुढे वाकून किंवा कुशीवर कलून, प्रत्येक वेळी निदान दोन मिनिटं. बोट नांगरलेली असताना, शेजारी माणूस धरून. फोनला गजर लावा, कारण मासा लागत असला की कुणालाच आठवत नाही. लाटेवर आपटत वेगात जाऊ नका. एकेक आपट्याला कातडी कुशनवर घासली जाते.

पाण्यात पडलेच, तर काय? शिडी उपयोगाची नाही, हे आधीच मान्य करा. बोट जवळ आणताना आधी इंजिन बंद. पंख्याजवळ ज्याला पाय हलवता येत नाहीत तो माणूस नको. चालवणाऱ्यानं इंजिन बंद पाडणारी दोरी पायाला किंवा जॅकेटला अडकवलेलीच ठेवावी. १५ ते २० मीटरचा तरंगणारा दोर मोकळा, हाताशी. वर घेण्यासाठी २ मीटर बाय दीड मीटरची जाड जाळी किंवा ताडपत्री: एक कड बोटीला आतून बांधलेली, पोट पाण्यात सोडलेलं, माणूस त्यात आडवा घ्यायचा आणि मोकळी कड वर ओढायची. तो गुंडाळत वर येतो आणि निम्म्या जोरात काम होतं. ओढताना सगळे एकाच बाजूला आले तर बोट उलटेल, एक जण समोरच्या कडेला बसलाच पाहिजे. नाहीच जमलं तर ओढाताण करू नका, तोंड वर धरून बोटीशी धरून ठेवा आणि मदत बोलवा. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, समुद्रात असाल तर बोटींचा व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर, म्हणजे संकटात मदत मागायच्या चॅनलवर. ही जाळीची कवायत चालत्या-फिरत्या माणसावर उथळ पाण्यात एकदा करून बघा.

बोटीत किमान तिघं: एक फक्त चालवणारा, एक फक्त दादांसाठी, आणि दादा. चालवणारा आणि सांभाळणारा एकच असून चालत नाही. बोटीवर किती माणसं, किती किलो हे लिहिलेलं असतं, त्याच्या आतच राहा. पाण्यावर तुरळक पांढरे तुरे दिसायला लागले की वारा ७ ते १० नॉटचा, म्हणजे ताशी साधारण १३ ते १८ किलोमीटरचा असतो. ते दिसले तर निघू नका, आणि पाण्यावर असताना दिसले तर फिरा. नांगर पुढच्या टोकाकडून टाका, मागून कधीच नाही. मागची कड बुटकी असते आणि लाट तिथूनच आत येते.

आईंना समजावू नका, कामाला लावा. निघण्याची वेळ, जाण्याची जागा आणि परतीची वेळ त्यांच्याकडे लिहून द्या. ठरल्या वेळेनंतर ३० मिनिटांत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, तोही नंबर. नको म्हणणारा माणूस पुष्कळदा बेतातलं भोक पाहत असतो, फक्त ते कुठे आहे हे त्याला सांगता येत नाही. तुमच्या बेतात ते होतं.

धक्क्यावर खुर्चीजवळ कुणीतरी थांबा, किंवा ती खांबाला बांधा. वाऱ्यानं रिकामी खुर्ची पाण्यात गेलेली बघण्यात मजा नाही. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडाले असतील तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुऊन छोट्या चाकांच्या बेअरिंगला तेल द्या. आणि रात्री झोपण्याआधी दादांचं बूड, माकडहाड, टाचा, नडग्या आणि जॅकेटचा पट्टा जिथे होता ती जांघ आरशात किंवा कुणाकडून बघून घ्या, झोळ्याच्या सुरकुतीची रेघ उमटली आहे का तेही. ओले कपडे अंगावर राहिले असतील तर कातडी मऊ पडलेली असते, ती लवकर फाटते. लाल डाग दिसला आणि भार काढून ३० मिनिटांत गेला नाही, तर त्या जागेवर बसणं बंद, डॉक्टरांना दाखवायचं, आणि पुढची फेरी तो पूर्ण जाईपर्यंत पुढे ढकलायची.